डावी खुंटी

आप्पांकडे गोष्ट एकच होती, पण ती त्यांनी जन्मभर पुरवली. लग्नाच्या पंगतीत म्हणा, पाहुण्यांत म्हणा, जरा संधी मिळाली की आप्पा घसा खाकरायचे आणि पंपघरातल्या त्या मतदानाची गोष्ट सुरू व्हायची.

गावाला पाणी पुरवणाऱ्या त्या पंपघराच्या दारात, भिंतीला हातभर लांबीच्या दोन लोखंडी खुंट्या होत्या. कामगारांनी काही ठरवायचं असलं की पाळीवर येताना प्रत्येकाने आपल्या नंबराचा पितळी बिल्ला एका खुंटीला अडकवायचा. उजवी म्हणजे होकार, डावी म्हणजे नकार. कोणी काय केलं ते जगाला दिसायचं. आप्पा तेव्हा तरणेबांड व्हॉल्व्हमन होते. पेन्शनचा फंड आटत चालला होता आणि निवृत्तीला टेकलेला म्हातारा मुकादम टोपी हातात धरून दारात उभा राहिला. सगळ्यांनी पगारातून थोडी जास्त वर्गणी द्यावी, एवढंच त्याचं मागणं. गोष्टीत इथे आले की आप्पा खांदे पाडायचे, मान लटपटवायचे आणि चिरक्या, ओल्या आवाजात म्हणायचे, “पोरांनो, तुम्हीपण एक दिवस म्हातारे व्हाल रे.”

ऐकणारे पोट धरून हसायचे. मग आप्पा छाती काढून सांगायचे, की आपण सगळ्यांच्या आधी पुढे झालो आणि बिल्ला डाव्या खुंटीला अडकवला. पहिला बिल्ला जातो तिकडे बाकीचे जातात, मेंढरंच सगळी, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. वर्गणी वाढली नाही. वाचलेल्या पैशांतून आप्पांनी रेडिओ घेतला.

सगळ्यात मोठ्याने हसायची ती त्यांची एकुलती एक मुलगी. जेवताना हट्ट धरायची, आप्पा, मुकादमाचा आवाज काढा ना. आप्पांना काय, हौसच होती.

पुढे ही मुलगी त्याच पंपघरात लागली. आप्पांनी निवृत्त होताना साहेबांच्या मागे लागून स्वतःचाच बिल्ला तिला मिळवून दिला आणि महिनाभर लोकांना सांगत फिरले. त्यालाही आता बरीच वर्षं झाली होती. फंड पुन्हा तळाला गेला होता. फलकावर सूचना लागली: एकतर कामगारांनी वर्गणी वाढवावी, नाहीतर निवृत्तांची पेन्शन एक तृतीयांशाने कमी होईल. मत कामावर असलेल्यांचं. निवृत्तांनी बसायचं तोंडाकडे बघत.

आप्पांची बायको जाऊन काही वर्षं झाली होती. शिंप्याच्या दुकानावर भाड्याची एक खोली, स्वतःची किल्ली, स्वतःची शेगडी आणि तोच रेडिओ, एवढं त्यांचं राज्य. पेन्शन कापली की खोली गेली, आणि खोली गेली की मुलीचं घर, म्हणजे जावयाचं घर. जावई वाईट नव्हता. आप्पा आले की तो फक्त उठून दुसऱ्या खोलीत जायचा. हाताला चव नसलेलं स्वतःचं जेवण आप्पांना गोड लागत होतं ते याच कारणाने.

मतदानाच्या आदल्या संध्याकाळी ते मुलीकडे गेले. खूप समजावलं. टाकी एकच आहे, तुम्ही भरली नाहीत तर आम्हाला नळाला काय येणार, असं आपल्या धंद्याच्या भाषेत सांगून पाहिलं. मुलीने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, की नव्या नियमाने तिच्या वेळच्यांना पेन्शन मिळणार ती उशिरा आणि तीही आप्पांपेक्षा कमी. भरायचं जास्त आणि घ्यायचं कमी, हा कुठला न्याय? खरं सांगायचं तर तिचं काही चुकत नव्हतं, आणि हेच आप्पांना जास्त झोंबलं.

“मग तुमच्या वेळी तुम्ही का नाही भरलीत टाकी?” तिने विचारलं. आवाजात राग नव्हता. आप्पा चपला घालून निघाले.

सकाळी पंपघराच्या दारात त्यांच्याबरोबर जाड्या उभा होता. हा निवृत्त फिटर. अंगाची काडी झाली तरी नाव तेच राहिलेलं. त्याला ना बायको, ना मूल. आज इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. आप्पांनी त्याला छातीवर हात ठेवून सांगितलं, की पोर आपली आहे, पहिला बिल्ला उजवीकडेच जाईल. स्वतःच्या मुलीविरुद्ध तक्रार करायची कुणाकडे? आपलेच दात, आपलेच ओठ.

पाळीची माणसं आली. मुलगी सगळ्यांत पुढे होती, बिल्ला हातात. आप्पा तिला आडवे आले. रात्रभर जुळवलेलं एकही वाक्य आठवेना. डोक्यावरची टोपी कधी हातात आली तेही त्यांना कळलं नाही.

“पोरी,” ते म्हणाले, “तूपण एक दिवस म्हातारी होशील गं.”

आवाज त्यांनी काढला नव्हता. तो आपोआपच तसा आला, चिरका, ओला.

मुलीला हसू फुटलं. तिने झटकन तोंडावर हात दाबला, डोळ्यांत पाणी आलं, पण लहानपणापासूनची सवय, ते हसू काही आवरेना. मागच्या दोघातिघांनी ही गोष्ट तिच्या लग्नात ऐकली होती, तेही हसले. ती मान खाली घालून आत गेली. पितळ लोखंडावर वाजलं. आप्पांचा बिल्ला डाव्या खुंटीला लागला, सगळ्यांच्या आधी. मागून बाकीचे लागत गेले.

संध्याकाळी निकाल सांगायचीही गरज उरली नव्हती. मुलगी बाहेर आली ती सरळ आप्पांकडे. त्यांची टोपी तिने नीट डोक्यावर बसवली.

“मागची खोली रिकामी करते. ह्यांना विचारलंय मी, ह्यांची काही हरकत नाही,” ती म्हणाली. “रविवारी सामान आणू.”

म्हणजे बिल्ला अडकवायच्या आधीच विचारून झालं होतं. आप्पांनी मान हलवली. लाजेने त्यांचं तोंड कडू झालं होतं.

ती गेली. जाड्या भिंतीला टेकून बसला होता. त्याला कुणी मागची खोली देणार नव्हतं. इस्त्रीच्या शर्टाची बाही तो उगाच दुमडत राहिला.

“आप्पा,” त्याने विचारलं, “त्या मुकादमाचं पुढे काय झालं रे?”

आप्पांनी टोपी पुन्हा हातात घेतली. जन्मभर गोष्ट सांगितली, पण ती हशावर संपायची. त्यापुढचं त्यांनी कधी कुणाला विचारलंच नव्हतं.