रोहूच्या उवा

परात खणकली.

पहाटे वीज गेली, तेव्हाच न्हाणीतल्या माशाच्या टबाचा हवेचा पंप बंद पडला होता. बुडबुड्यांचा आवाज थांबला आणि घर इतकं गप्प झालं की शेजारी निजलेल्या माझ्या लेकीचा, अबोलीचा श्वास मला ऐकू येऊ लागला. मासा गेला, असंच मी धरून चालले होते. उठून बघायचा धीर होत नव्हता. तेवढ्यात टबावर झाकलेली ती परात खणकली. मग पुन्हा, जोरात.

मी उठेस्तोवर आई, म्हणजे माझ्या सासूबाई, न्हाणीत पोचल्याही होत्या.

"दिपाली, ये वं लवकर. शेपटी मारून राहिला हा."

आम्ही दोघी टबाशी उकिडव्या बसलो आणि उगाचच हसत सुटलो. कालचा तो मरगळलेला रोहू परातीला धडका देत होता.

प्रेमलताबाईंनी, माझ्या सासूबाईंनी, लग्न होऊन आल्यापासून बाजारात बसून मासे कापले. जिवंत मासे वाढवायची हौस मात्र त्यांना म्हातारपणी लागली. कोराडीच्या पुढे माझे चुलत सासरे नत्थूजी यांच्या शेतात तळं आहे. त्यांच्या मागे लागून लागून आईंनी त्यात रोहूची बोटाएवढी पिल्लं सोडली. रोज बसने जायच्या, भाताचा कोंडा टाकायच्या आणि घरी येऊन कोण किती वाढलं ते मला सांगायच्या, जसं काही नातवंडांचंच.

मग मासे काठच्या दगडांवर अंग घासू लागले. पकडून पाहिलं तर खवल्यांवर चपट्या, काचेसारख्या उवा. टिकल्या चिकटाव्या तशा.

मी धंतोलीत जनावरांच्या दवाखान्यात मदतनीस आहे. कुत्रे धरायचे, त्यांचे गोचीड काढायचे. आई म्हणाल्या, तेच गोचिडाचं औषध आण अन् ओत तळ्यात. डॉक्टरांना विचारलं तर ते दचकलेच. म्हणाले, उवांच्या आधी मासे मरतील. त्यांनी माशांबद्दल शिकवणाऱ्या कॉलेजातल्या एका सरांचा नंबर दिला. सरांनी फोनवर सांगितलं ते इतकं साधं होतं की खरं वाटेना. तळ्यात बांबू रोवा. ऊ मासा सोडून कडक जागेवर अंडी घालायला येते. बांबू काढून उन्हात वाळवा, पुन्हा रोवा. फार पिडलेला मासा असेल त्याच्या उवा वेचा, मिठाच्या पाण्यात थोडा वेळ ठेवा, मग चांगल्या पाण्यात.

बांबू रोवून आठवडा झाला होता. पण नत्थूजींचा धीर सुटला होता. जाळं टाकून सगळे काढू, लहान असले तरी विकू, म्हणत होते. आईंनी काल त्यांच्याकडून एक रात्र मागून घेतली आणि सगळ्यांत आजारी मासा घरी आणला. मी चिमट्याने उवा काढल्या, कुत्र्याच्या कानातून काढते तशाच. हा वाचला तर जाळं टाकायचं नाही, असं ठरलं होतं.

ड्युटीवर उशिरा येते म्हणून दवाखान्यात कळवलं. टब, आई, अबोली आणि मी, सगळे एका ऑटोत. वाटभर आई परात उचलून आत पाहत होत्या.

नत्थूजी काठावर जाळं उलगडूनच बसले होते. टबात डोकावून म्हणाले, "वैनी, हाच हाय का? का बदलून आणला?"

"भाऊजी, जलमभर मेलेले इकले मी. जिता कोठून आणू?"

रोहू पाण्यात सोडला. क्षणभर तो काठाशीच थबकला आणि मग दिसेनासा झाला. नत्थूजींनी जाळं काही खाली ठेवलं नाही. एक वाचला, बाकीच्यांचं काय, म्हणाले. त्यांचंही खोटं नव्हतं.

मी साडी खोचून पाण्यात उतरले आणि पहिला बांबू उपटला. शेवाळ पुसलं. खाली राजगिऱ्यासारखे दाणे ओळीने चिकटलेले. एक ओळ, तिच्याखाली दुसरी. हीच ती अंडी. आल्या होत्या. सरांनी सांगितलं तशाच उवा आल्या होत्या. दुसरा बांबूही भरलेला, तिसराही.

नत्थूजींनी नखाने एक दाणा खरवडला, बराच वेळ पाहिला. मग जाळं गुंडाळत विचारलं, "वाळले का मंग आजच परत रोवाचे न?"

आईंनी काठावर बसून दोन्ही हात पाण्यात सोडले आणि तसेच राहू दिले.

मी बांबू धुऱ्यावर, शेताच्या बांधावर मांडले. ऊन चढलं होतं. दाणे कोणाचे, अबोलीने विचारलं. आनंदाच्या भरात मी सगळं सांगून टाकलं. उवांची आई कशी मासा सोडून येते, इथे अंडी ठेवते आणि पोटासाठी पुन्हा माशाकडे जाते. आता ही वाळली की नव्या उवाच होणार नाहीत.

ती बांबूंजवळ जाऊन उभी राहिली. तिची सावली अंड्यांवर पडली होती. बाजूला हो, ऊन लागू दे, मी म्हटलं. ती हलली नाही.

"मम्मी," तिने विचारलं, "ह्यायची मम्मी ड्युटीवरून परत आली, तं ती ह्यायले कुठं पाहीन?"