चंद्रभानने दिलेलं नाव

१९७४ साली चंद्रभान गिरणीतून निवृत्त व्हायला आला. सूतकताई खात्याचा तो मुकादम. मॅनेजरने बोलावून विचारलं, "तुमच्या जागी कोणाला नेमू?"

खात्यात सगळे लहानूचंच नाव धरून होते. सोळा वर्षं तो चंद्रभानच्या हाताखाली राबला होता. यंत्र बिघडणार हे त्याला नुसत्या आवाजावरून कळायचं. चंद्रभान आजारी पडला तेव्हा तीन महिने खातं त्यानंच सांभाळलं, आणि चंद्रभान परत येताच निमूट आपल्या जागी जाऊन उभा राहिला.

पण त्याच रविवारी कुहीहून प्रयागबाई आली. चंद्रभानची थोरली बहीण. आई गेल्यावर तिनंच त्याला वाढवलं होतं. तिचा रुपराव दोन वर्षांपासून त्याच खात्यात होता. जेवणं झाल्यावर ती एवढंच म्हणाली, "आजवर तुले काही मांगतलं नाही म्या."

सोमवारी चंद्रभानने रुपरावचं नाव दिलं.

हुकूम लागला त्या दिवशी पाळी सुटल्यावर लहानू थांबला. "भाऊ, मी कुठं कमी पडलो तेवढं सांगा."

"कमी नाही पडला गा. तो माह्या बहिणीचा पोरगा आहे."

"ते समजते मले. पण आमच्या वस्तीत लोक म्हणून राहिले, जातीपायीच झालं. त्याइले काय सांगू?"

चंद्रभानच्या मनात जात आली नव्हती. पण घरचा माणूस निवडला की तो आपल्याच जातीचा निघणार, हे त्याला आज पहिल्यांदा उमगलं. 

दुसऱ्या दिवशी तो मॅनेजरकडे गेला. "साहेब, चुकीचं नाव दिलं मी. बदला."

"हुकूम निघाला आता," मॅनेजर म्हणाला. "एवढं काय मनाला लावून घेता? मीसुद्धा मामांच्या ओळखीनंच लागलो इथं."

लहानूने महिनाभर रुपरावला काम शिकवलं, हातचं काही राखलं नाही. मग अर्ज देऊन दुसऱ्या खात्यात गेला.

निरोपाचे हार गळ्यातून काढून चंद्रभान त्या खात्याच्या दाराशी जाऊन उभा राहिला. यंत्रांच्या आवाजात बोलणं शक्यच नव्हतं. लहानूने त्याला पाहिलं, मान हलवली आणि तुटलेला धागा जोडायला वाकला. चंद्रभान फाटकाकडे निघाला.