ते पाणी माझं होतं

मित्रांनो, मी एक जुना दाबमापक आहे आणि माझं सारं आयुष्य मला घाबरणाऱ्या माणसांत गेलं. आतड्याच्या शेवटच्या टोकाचे स्नायू किती जोर धरतात, ते मी मोजायचो. हसू नका. शी अडली किंवा थांबेनाशी झाली, की भल्याभल्यांचं हसू पळतं.

परदेशी मालाला दारं उघडली, तेव्हा मी लाकडी खोक्यातून दिल्लीला उतरलो आणि गुडगावच्या एका नव्या इस्पितळात आलो. खिडकीबाहेर मोहरीची शेतं होती आणि त्यांच्यापलीकडे अर्धवट उभ्या इमारती. डॉक्टर विजयालक्ष्मी मूळच्या चेन्नईच्या. त्यांनी माझ्यापुढे नारळ फोडला, सगळ्यांनी कौतुक केलं. पण पेशंट आत आला की माझ्याकडे बघून त्याचा चेहरा उतरायचा. मलाही धडकी भरायची. आपल्यामुळे कुणाला दुखलं तर?

खरं तर मी करायचो ते इतकंच. सकाळी एनिमा देऊन पोट साफ केलेलं असे. पेशंटने डाव्या कुशीवर गुडघे दुमडून झोपायचं. पेन्सिलीहून बारीक, जेली लावलेली माझी नळी गुदद्वारातून थोडी आत जाई. तिच्या छिद्रांतून थेंबथेंब पाणी झिरपत राही आणि त्यावर पडणारा दाब माझ्या लेखण्या कागदावर उमटवत. आवळा, सैल सोडा, खोका, जोर करा, असं डॉक्टर सांगत. मग नळीच्या टोकाचा छोटा फुगा हळूहळू फुगवत. तो जाणवला की पेशंटने सांगायचं. भूल द्यावी लागत नसे. अवघडल्यासारखं व्हायचं, पण सहसा दुखायचं नाही, आणि अर्ध्याएक तासात माणूस आपल्या पायांनी घरी जायचा.

एका थंडीत कुमुदिनीबाई आल्या. मुलगा साकेत इथल्या कंप्युटर कंपनीत लागला, म्हणून पुणं सोडून त्या नव्या सोसायटीत राहायला आलेल्या. दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरात त्यांच्या मराठी मैत्रिणी होत्या, पण एकदा हळदीकुंकवाला साडी खराब झाली आणि तेव्हापासून बाईंनी उंबरा ओलांडला नव्हता. हिंदी बेताचं, म्हणून साकेत पडद्याच्या पलीकडे दुभाषा होऊन उभा राहिला.

"देखिए, अगर बलून बिल्कुल फील नहीं हुआ, तो शायद ऑपरेशन सोचना पड़े," डॉक्टर त्याला म्हणाल्या. "पेट पर थैली भी लग सकती है."

साकेतने आईला यातलं काहीच सांगितलं नाही. पण थैली हा शब्द बाईंना कळला होता. त्यांनी चादर मुठीत धरली.

फुगा फुगू लागला.

"आई, काही वाटतंय का?" पडद्याआडून साकेत.

"नाही रे. काही नाही."

"आता?"

"काही नाही म्हटलं ना."

मित्रांनो, मी त्यांच्या पायांची बोटं बघत होतो. फुगा लागला की ती आकसत होती! बाईंना जाणवत होतं आणि त्या नाही म्हणत होत्या. माझी पाचावर धारण बसली. आता या बाईंच्या पोटावर शी साठवायची पिशवी येणार, आणि तीही माझ्या कागदाच्या साक्षीने. मला ओरडायचं होतं, पण मला फक्त लेखण्या होत्या.

डॉक्टरांचंही लक्ष त्या बोटांकडे गेलं. "साकेत, आप बाहर जाके चाय पी लीजिए," त्या म्हणाल्या. दार लागल्यावर त्या बाईंसमोर वाकल्या. "अम्मा, क्या हुआ?"

"सब गीला हो गया," बाई कशाबशा पुटपुटल्या. "मेरे से… मुलगा तिथेच उभा होता हो, त्याच्यासमोर कसं सांगू?"

डॉक्टरांनी माझी दुसरी, कोरी नळी उचलली आणि तिचं टोक बाईंच्या तळहातावर धरलं. थेंब पडले. "ये मशीन का पानी है, अम्मा. आपका नहीं. मुझे पहले बताना चाहिए था."

बाई त्या थेंबांकडे बघत राहिल्या. मग त्या मोकळेपणी रडल्या.

फुगा पुन्हा फुगवला. तो जरासा फुगतोय तोच बाई ओरडल्या, "आत्ता! अभी, अभी!" माझ्या लेखण्या आनंदाने थरथरल्या. स्नायू कमकुवत होते, पण जाणीव शाबूत होती. पिशवीची गरज नव्हती. आवळण्या-सोडण्याचे व्यायाम पुरे होते, रोज आणि नेटाने. पुढच्या संक्रांतीनंतर बाई लक्ष्मीबाई नगरातला तिळगूळ घेऊन आल्या. एक वडी त्यांनी माझ्यापुढेही ठेवली. ती अर्थातच डॉक्टरांनी खाल्ली.

आता माझं काम नवं यंत्र करतं. मी जिन्याखाली धूळ खात पडलो आहे आणि बाहेर भंगारवाल्याची हाळी आली की माझा थरकाप होतो. मला पुसा असं मी म्हणणार नाही. मागणं वेगळंच आहे. घरातलं कुणी अशा तपासणीला निघालं, तर ओलं लागेल ते यंत्राचं पाणी असू शकतं, हे त्यांना आधीच सांगा. आणि पडद्यापाशी उभे राहू नका, जरा लांब जा. साकेत गुणी मुलगा होता, आईवर त्याचा फार जीव होता. पण त्या दिवशी ती माउली ना मला घाबरली होती, ना फुग्याला. पलीकडे तो उभा आहे, याचीच तिला भीती वाटत होती.