रिकाम्या खाचेतलं कार्ड

"पुढचा कप्पापण उघडा, मॅडम."

"अहो ताई, रोज तुम्हीच तर बघता मला."

"आजपासून सगळ्यांचं नीट बघायचंय. ओळखीचं असलं तरी."

रात्रपाळी करून निघालेली ती मुलगी तोंड वाकडं करून चेन ओढू लागली. आत चार्जर, केसांच्या क्लिपा, बिस्किटांचा अर्धा पुडा. कौशल्याने तिला पडद्याआड नेऊन चाचपलं आणि पुढच्या बाईला हाक मारली. हिंजवडीतल्या त्या कंपनीच्या गेटवर ती आठ-नऊ वर्षं हेच काम करत होती. बॅग नुसती उचलून ती हलकी की जड एवढंच नव्हे, तर आतला डबा भरलेला आहे की रिकामा, हेसुद्धा तिला कळायचं.

सुपरवायझरने सकाळीच सगळ्या गार्डना उभं करून सांगितलं होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या लॅबमधून एक ग्राफिक्स कार्ड गेलं होतं. महागातलं. "उडून तर गेलं नसेल ना? गेटमधूनच गेलं," असं म्हणून त्याने सगळ्यांकडे बघितलं, आणि लेडीज गार्डकडे जरा जास्त वेळ. बायकांच्या बॅगा मोठ्या असतात, असं त्याचं जुनं मत होतं.

पुरुषांच्या रांगेतून वरद बाहेर पडला. रात्रपाळीला कंपनीची मशिनं सांभाळणारा हा मुलगा येताजाता कौशल्याशी दोन शब्द बोलायचा. तिने त्याला थांबवलं.

"वरददादा, ते कार्ड म्हणजे केवढं असतं ओ? एटीएमच्या कार्डावानी?"

"नाही मावशी. वीट असते ना, तेवढं. वर पंखे असतात त्याला."

"आन् चोरून करायचं काय त्याचं?"

"गेम खेळायचे. मोठे गेम कार्डाशिवाय चालत नाहीत."

"चालतच न्हाईत?"

"चित्रच येत नाही धड," असं म्हणत तो जांभई देत बसकडे गेला.

कौशल्या पुढच्या बॅगेकडे वळली खरी, पण त्या बॅगेत काय होतं हे तिला नंतर आठवलं नाही. मारुंजीतल्या तिच्या दोन खोल्यांच्या घरात एक कॉम्प्युटर होता. त्यावर एक बाई घोड्यावरून डोंगर उतरत असे, मागे पाऊस पडत असे, आणि पावसाचा थेंब न् थेंब वेगळा दिसत असे.

तो कॉम्प्युटर ऋतुजाने सुटे भाग जोडून बनवला होता. ऋतुजा तिची एकुलती मुलगी. वर्षभरापूर्वी याच कंपनीत हेल्पडेस्कला कंत्राटावर लागलेली. लावताना कौशल्या ॲडमिनच्या साहेबांपुढे हात जोडून म्हणाली होती, "माझी पोरगी हाय, जिम्मेदारी माझी." पहिल्या पगाराला ऋतुजाने एक रिकामा पत्र्याचा डबा आणला. त्याला ती कॅबिनेट म्हणायची. दोन महिने तो तसाच कोपऱ्यात उभा होता आणि कौशल्या त्यावर इस्त्रीचे कपडे ठेवायची. मग दर महिन्याला एकेक वस्तू येत गेली. "एवढं कशापायी?" असं विचारलं तेव्हा पोरगी म्हणाली, "खेळायला." एकवीस वर्षांची मुलगी खेळायला म्हणते, हे शेजारी सांगण्यासारखं नव्हतं. कौशल्याने अभ्यासाला म्हणून सांगितलं. नवरा टेम्पो घेऊन सोलापूरच्या फेऱ्या मारायचा, आठवड्यातून एकदा घरी यायचा. त्याने तर तो टीव्हीच आहे असं धरलं होतं.

आणि दिवाळीच्या आधी एका संध्याकाळी ऋतुजा एक खोकं घेऊन गेटवर आली होती. "कुरियर आलंय आई, रिसेप्शनला ठेवलं होतं." मागे मोठी रांग. कौशल्याने खोकं हातात धरलं, टेप फोडली नाही, "जा" म्हणाली.

त्या खोक्यात वीट सहज मावली असती.

संध्याकाळी घरी ती भाजी निवडत पडद्यावरच्या घोड्याकडे बघत बसली.

"लई साफ दिसतंय गं चित्र."

"हो ना? मलापण वाटलं नव्हतं एवढं चालेल."

"कशानं दिसतं एवढं साफ?"

"सेटिंग लो ठेवलंय मी. हाय ठेवलं तर झोपतंय." ऋतुजाने मान वळवली. "तुला आज एकदम गेममध्ये इंटरेस्ट?"

"सहज इचारलं."

पोरगी हसून पुन्हा पडद्याकडे वळली. ते हसूही कौशल्याने तपासलं. फार लवकर आलं का? फार लवकर गेलं का?

दुसऱ्या दिवशी ऋतुजाची सुट्टी होती. पहाटे नळाला पाणी आलं तेव्हा ती तोंडावर हात घेऊन झोपली होती, लहानपणी झोपायची तशीच, एक पाय गोधडीबाहेर. कौशल्याने पाय आत सारला. मग कॅबिनेटजवळ बसून बाजूचे दोन स्क्रू बोटांनी फिरवले. पत्रा निघाला.

आत एक पंखा, वायरी, आणि खाली एक लांबलचक रिकामी खाच. कौशल्या त्या खाचेकडे बघत राहिली. इतक्या वर्षांत ती एक गोष्ट शिकली होती. बॅगेत घडी मोडलेली, मध्येच रिकामी जागा दिसली, तर तिथून काहीतरी काढलेलं असतं. तिने पिठाचा डबा बघितला, गादीखाली हात घातला, पत्र्याची ट्रंक कडी न वाजवता उघडली. काही नव्हतं. परत येऊन ती खाली वाकली. पंख्याशेजारी दोन हिरव्या पट्ट्या उभ्या होत्या, शेजारी शेजारी, खाली सोनेरी दात. वीट नव्हती, पण वरद म्हणतो ते किती खरं धरायचं? तिने टोकाची खिट्टी दाबून एक पट्टी काढली. दुसरी राहू दिली, म्हणजे पोरीला कळणार नाही. चपात्या गुंडाळायच्या प्लास्टिकमध्ये ती पट्टी गुंडाळून पर्समध्ये ठेवली आणि पत्रा होता तसा लावला.

गेटवर वरद सुटायची ती वाट बघत होती. तो आल्यावर पर्स अर्धीच उघडून म्हणाली, "हे तेच का बघा."

"हे? ही रॅम आहे मावशी." तो हसला. "कार्डाचा आणि हिचा काही संबंध नाही. कुणाची?"

"घरचीच."

"मग नीट ठेवा. प्लास्टिकमध्ये ठेवत नाहीत असं."

कौशल्याला हलकं वाटायला हवं होतं. क्षणभर वाटलंही. मग मनात आलं, म्हणजे कार्ड अजून सापडलेलंच नाही. दुपारपर्यंत ती पोरीच्या मैत्रिणींची घरं आठवत होती.

पाळी सुटताना गार्ड एकमेकींच्या बॅगा बघत. नेहमी ते नावालाच असे. पण आज हुकूम होता, आणि हेमा हुकूम पाळणारी बाई होती. शनिवार पेठेतून दोन बस बदलून येणारी हेमा आणि कौशल्या एकाच महिन्यात लागल्या होत्या, एका डब्यात जेवत होत्या. हेमाने पर्समधून प्लास्टिक काढलं, उलगडलं.

"कौशल्या, हे काय आहे? कानातलं तर वाटत नाही."

"माझ्या पोरीचं हाय."

"असेल. आत आणताना नोंद केलीस?"

आत आणताना नोंद नसेल तर बाहेर जाणार नाही, हे वाक्य कौशल्यानेच या टेबलामागून हजार जणींना ऐकवलं होतं. मागे रांगेतल्या मुलींनी फोनमधून माना वर काढल्या.

"मी सोडलं तर माझी नोकरी जाईल गं," हेमा हळू म्हणाली आणि सुपरवायझरला हाक मारली.

सुपरवायझरने पट्टी उलटसुलट केली. त्याने ऋतुजाला फोन लावला आणि स्पीकर सुरू केला, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"ऋतुजा, तुझ्या आईच्या पर्समध्ये कॉम्प्युटरचा पार्ट सापडलाय. नोंद नाही. तुझा आहे म्हणते."

पलीकडे गेमचं संगीत वाजत होतं. घोड्याच्या टापा तुटक तुटक येत होत्या. मग संगीत बंद झालं. कॅबिनेटचा पत्रा निघाल्याचा आवाज कौशल्याने ओळखला.

"हिरवी पट्टी आहे का, सर? वर पांढरा स्टिकर?"

"हो."

"माझीच आहे. बिल पाठवते आत्ता. गेम अडकत होता ना, म्हणून मीच आईला म्हटलं, तिथं कुणाला तरी दाखवून आण. एंट्री करायला सांगायचं राहिलं माझ्याकडून. सॉरी सर, तिला त्यातलं काही माहीत नाही."

सुपरवायझरच्या फोनवर बिल आलं. त्यावरचा आकडा पट्टीवरच्या आकड्याशी जुळला. कौशल्याने वरदचं नाव सांगितलं. त्याला फोन झाला, त्यानेही पट्टी बघितल्याचं सांगितलं. "जावा," सुपरवायझर म्हणाला. "तुम्हीच असं करायला लागलात तर काय बोलायचं?" हेमाने पट्टी पुन्हा प्लास्टिकमध्ये गुंडाळून तिच्या हातात दिली, कोपरे दुमडून, नीट.

शेअर रिक्षात बसल्यावर कौशल्याच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. पोरीने तिला वाचवलं होतं. आणि किती सरळ आवाजात खोटं बोलली होती. अडखळली नाही, थांबली नाही. असं बोलता येतं तर आणखी काय काय बोलता येत असेल?

घरी कॅबिनेट खोलीच्या मध्यावर होता, पत्रा काढलेला. ऋतुजाने हात पुढे केला, पट्टी घेतली, प्लास्टिक सोडवलं.

"चहा घेतलास?"

"कार्ड कुठं ठिवलंयस?" कौशल्या दारातूनच म्हणाली. चप्पलसुद्धा काढली नव्हती.

"कसलं कार्ड?"

"त्या रिकाम्या खाचेतलं."

ऋतुजाने एकदा खाचेकडे बघितलं, एकदा आईकडे. तिला आत्ता कळलं. कंपनीत काय गेलंय ते तिलाही ठाऊक होतं. हेल्पडेस्कला कालच मेल आला होता.

"बस इथं," ती म्हणाली.

तिने पट्टी दुसऱ्या पट्टीशेजारी दाबून बसवली. दोन्ही बाजूंनी टक टक आवाज आला. पत्रा न लावताच बटण दाबलं. पंखा फिरला. पडद्यावर ती बाई आली, घोडा आला, पाऊस आला. टापा आता सलग वाजत होत्या.

"बघ. खाच रिकामी आहे. चित्र चालू आहे."

"वरद म्हणला, कार्डाबिगर येत न्हाई."

"मावशीला समजेल एवढंच सांगितलं त्याने. हा पंखा आहे ना, याच्या खाली प्रोसेसर आहे. चित्र काढायची सोय त्याच्या पोटातच आहे. म्हणून स्वस्तात झाला हा सगळा. त्याला स्वतःची मेमरी नाही, या पट्ट्यांमधली उसनी घेतो. तू एक काढलीस तर तो अडखळायला लागला. मला वाटलं, बिघडला. तासभर मी बघत होते काय बिघडलं ते."

कौशल्या पंख्याकडे बघत होती. मग कॅबिनेटच्या मागे बघितलं, टेबलाखाली बघितलं. ऋतुजा ते बघत होती.

"हात घालून बघ हवं तर. बंद करू?"

"न्हाई. नको."

"ती खाच पुढंमागं कार्ड घेता आलं तर म्हणून आहे."

"आन् दिवाळीतलं खोकं?"

"हा बोर्ड होता त्यात, हा खालचा. तेव्हा म्हटली असतीस तर तिथंच फोडून दाखवला असता."

"रांग होती गं लई."

"काल चित्र साफ कसं दिसतं विचारत होतीस, ते याच्यासाठी." ऋतुजाचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "सरळ विचारायचं होतंस ना, आई. मी झोपले होते, उठवायचं. तू विचारलं नाहीस. उघडलंस."

कौशल्याला सांगायचं होतं की तुझं काही निघालं असतं तर मी काय केलं असतं तेच मला माहीत नव्हतं, म्हणून आधी बघितलं. पण तोंडातून निघालं ते असं, "तू साहेबाला खोटं का बोललीस?"

"मग काय सांगू? आई मला चोर समजते म्हणून?"

ती उठून चहा ठेवायला गेली. कौशल्याने चप्पल काढली. पडद्यावर घोडा एकाच जागी उभा राहून पावसात भिजत होता, कारण त्याला चालवायला कुणी नव्हतं. चहा दोघींनी घेतला. रात्री जेवताना ऋतुजाने मीठ मागितलं, बाबा कधी येणार ते विचारलं. बोलणं काही थांबलं नाही. घरात एवढीशी जागा, बोलल्याशिवाय वावरताही येत नाही.

कार्डाचं पुढे काय झालं, ते गेटवर कुणी सांगितलं नाही. सिक्युरिटीला सांगायची तशी पद्धतही नाही. हुकूम तेवढा तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी पहिली पाळी सुटली. लेडीजच्या दोन रांगा लागल्या, एक हेमाची, एक कौशल्याची. ऋतुजा जिन्यावरून खाली आली. हेमाच्या टेबलापुढे एकच बाई होती.

"ऋतुजा, इकडे ये गं, मी मोकळी आहे," हेमाने हाक मारली. ती हाक तिने कुणाची सोय म्हणून मारली, हे तिघींनाही कळलं.

"नको काकू, इथं बरं आहे," म्हणत ऋतुजा आईच्या रांगेत उभी राहिली. तिच्या पुढे आठ-दहा जणी होत्या. ती फोनमध्ये बघत एकेक पाऊल सरकत आली.

टेबलावर तिने बॅग ठेवली आणि सगळ्या चेनी स्वतःच उघडल्या. कौशल्याला वाटलं, नुसतं "जा" म्हणावं. मग वाटलं, आज "जा" म्हणणं म्हणजे पोरीच्या तोंडावर भीक फेकल्यासारखं होईल. तिने एकेका कप्प्यात हात घातला. पाण्याची बाटली, छत्री, ओळखपत्राची दोरी. पुस्तक उलटं धरून झटकलं. मग पडदा बाजूला केला.

ऋतुजा आत आली आणि तिने दोन्ही हात बाजूला पसरले.

वर्षभरात इथं तिने पोरीला कधी हात लावला नव्हता. आता तिचे तळवे खांद्यावर टेकले, काखेतून बरगड्यांवर आले, कमरेवरून खाली गेले. हाडं लागत होती. डाव्या खांद्याचं टोक उजव्यापेक्षा जरा वर होतं. बाळंतपणात दाई म्हणाली होती, तेल लावून दाबत जा, बसेल. रोज सकाळी पायांवर पालथी घालून ती दाबायची. टाळूपासून टाचेपर्यंत एकही जागा न सोडता तिने हे अंग चोळलं होतं, तेव्हा पोरगी रडायची आणि मग तशीच तिच्या पायांवर झोपून जायची. नंतर कधीतरी अंघोळ स्वतःची स्वतः करायला लागली, दार लावून घ्यायला लागली, आणि हातांचं हे काम संपलं. कधी संपलं, ते लक्षातही आलं नव्हतं.

ती खाली वाकली, घोटे बघितले, उभी राहिली. ऋतुजाने हात खाली घेतले. ओढणी सारखी केली.

"झालं?"

"झालं," कौशल्या म्हणाली.

बाहेर रांग वाढली होती. तिने पडदा सारला.

"पुढं."