निळा टॉवेल

मंगळवारी नऊच्या बोटीने साप्ताहिक आलं आणि सव्वानऊला फुसानो तो अंक छातीशी धरून ताकिएच्या सलूनमध्ये शिरली, तेव्हाच ताकिएने ओळखलं की काहीतरी बिनसलंय. फुसानोचं टोफूचं दुकान. सकाळचं गिऱ्हाईक सोडून ती बाई सख्ख्या नवऱ्याच्या हाकेलाही ओ देत नाही. आज मात्र ओला एप्रन तसाच, पायात दोन वेगवेगळ्या चपला.

"ताकिए, आधी बस," ती म्हणाली. "त्या वातारुने केसाने गळा कापला गं तुझा."

वातारु म्हणजे याच बेटावरचा मुलगा. ताकिएच्या सलूनमधल्या बाकावर जुने अंक वाचत लहानाचा मोठा झाला, तोक्योला गेला आणि आता त्याच साप्ताहिकात त्याची स्वतःची चित्रकथा येते: 'सात वाऱ्यांचे चाचे'. त्यातल्या चाच्यांच्या गलबतावर एक न्हावीण आहे, ओताकी. अंबाड्यात कंगवा खोचलेला, आणि गिऱ्हाईक हललं की टाळक्यात टपली मारायची सवय. ओताकी पहिल्यांदा छापून आली तेव्हा बेटाच्या आनंदाला विचारायला नको, कारण अंबाडा, कंगवा, टपली, सगळं ताकिएचं. बोटीच्या तिकीट खिडकीवर तिचं चित्र लागलं. वाचकांच्या आवडत्या पात्रांच्या मतदानात ती चौथी आली, खुद्द कप्तानाच्या भावाच्या वर. कुठून कुठून पोरं येऊन केस कापून घ्यायची आणि निघताना लाजत लाजत म्हणायची, काकू, एक टपली मारा ना.

आणि या अंकात काय, तर चाच्यांचा सुकाणूवाला पकडून देणारी फितूर म्हणजे ओताकी!

ताकिएने अंक उघडला. शेवटून तिसऱ्या पानावर एक अख्खी चौकट होती. गलबताच्या दोरीवर पांढऱ्या टॉवेलांची रांग, त्यात एकच गडद, म्हणजे रंगीत टॉवेल, आणि तो दोरीवर टाकणारा ओताकीचा हात. खाली राजाच्या गलबतावर एकजण म्हणतोय, खूण दिसली, नांगर उचला.

फुसानो बडबडत होती, की असा कसा हा कृतघ्न, हिच्या हातचे भाताचे गोळे खाल्ले, आणि हिलाच फितूर दाखवतो? आपले पूर्वज खरे चाचे होते, या बेटाने एकमेकांना कधी विकलं नाही. ताकिए हूं हूं करत राहिली. तिला एकच गोष्ट दिसत होती, ती दोरी.

कारण ते खरं होतं.

ताकिएचं सलून धक्क्याच्या वर, चढावर आहे. मागच्या अंगणात बांबूवर रोज टॉवेल वाळत असतात, ते समुद्रावरून दिसतात, आणि बेटावरचे बोटवाले पिढ्यानपिढ्या त्यांच्यावरूनच वारा ओळखतात. सासूच्या काळापासून टॉवेल पांढरे म्हणजे पांढरेच. सत्तावीस वर्षांपूर्वी बंदीच्या महिन्यात समुद्रकाकडी, म्हणजे तळाशी मिळणारा तो महागडा जीव, धरताना तिचा नवरा किकुओ सापडला. तेव्हा सगळेच धरायचे, सापडला हा. त्याची फुप्फुसं आधीच कामातून गेलेली. गस्तीवरचा साहेब दाढी करायला म्हणून आला आणि फेसातून म्हणाला, त्याच्या दोस्ताची, मोहेईची बोट पकडून दे, तुझ्या नवऱ्याचे कागद फाडतो. तो चोरून धरायला निघाला की एक रंगीत टॉवेल टाक, बास. ताकिएने चार दिवस काढले आणि पाचव्या दिवशी दुपारी निळा टॉवेल टाकला.

मोहेईची बोट गेली, परवाना गेला. बायको मुलीला घेऊन ओसाकाला गेली ती आलीच नाही. मोहेईने समुद्रापलीकडच्या गोदीत चौदा वर्षं काम केलं, उजव्या हाताची दोन बोटं तिथे ठेवली आणि परत आला. किकुओ तर चारच वर्षांत गेला. मरेपर्यंत मोहेईसाठी हळहळत होता, बिचाऱ्याला काही माहीत नव्हतं. कुणालाच नव्हतं.

वातारु सोडून. दोन वर्षांपूर्वी आईच्या अंत्यविधीला तो आला होता. याच खुर्चीत बसून ढसाढसा रडला, की आई आजारी असताना एकदाही आलो नाही, पानं संपत नव्हती, हे पाप मी कुठे फेडू. आता पोराला काय सांगणार? ताकिएने सांगितलं की बाबा, माणूस असं काही करतो आणि तरी जगतो, माझ्याकडे बघ. पोटचं पोर समजून तिने सगळं सांगितलं, साहेब, फेस, टॉवेल. त्याने तिचे दोन्ही हात धरले आणि म्हणाला, काकू, हे माझ्या पोटात राहील.

चांगलं राहिलं पोटात! बाजारात मांडलं मेल्याने.

दुपारी तिने तोक्योला फोन लावला. आधी कुणी मदतनीस म्हणाला, सर पानं पूर्ण करतायत. ताकिए म्हणाली, सरांना सांग, ज्या काकूने तुमच्या डोक्यातल्या उवा काढल्या ती बोलतेय. मग आला. आवाजात नुसता आनंद. म्हणाला, वाचक पेटलेत काकू, संपादकांकडे रागाच्या पत्रांचा ढीग लागलाय, पाच वर्षांत असं झालं नव्हतं. ताकिएने विचारलं, तू मला शब्द दिला होतास ना?

"नाव कुठे घेतलंय तुमचं? आणि काकू, मी रंग सांगितला नाही. छपाईच काळी-पांढरी आहे. तेवढं तरी पाळलंय ना मी."

तेवढं तरी! ताकिएच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिला पुष्कळ बोलायचं होतं, पण मागून कुणीतरी त्याला हाक मारली आणि तो म्हणाला, नंतर करतो हं. पोर चोरी करून वर हिशेबाने वागल्याचं सांगत होतं, आणि तिला त्याच्या तोंडावर चोर म्हणायचीही सोय नव्हती. चोरलं होतं ते तिचंच पाप होतं.

इकडे बेट खवळलं. त्या साप्ताहिकात दर अंकात एक पोस्टकार्ड असतं. या अंकातल्या आवडलेल्या तीन कथांवर खुणा करायच्या, खाली दोन ओळी लिहायच्या आणि टाकायचं. त्या कार्डांवरच कुठली कथा चालणार आणि कुठली बंद होणार ते ठरतं. अंकाला कार्ड एकच, म्हणून फुसानोने पलीकडून जादा अंक मागवले. ज्यांनी जन्मात चित्रकथा वाचली नव्हती त्या म्हाताऱ्यासुद्धा कार्ड लिहायला बसल्या. ताकिएसारखी बाई फितूर असूच शकत नाही. ओताकीची माफी मागा. एकीने तर खुणा करायच्या जागी तिन्हीकडे मोठ्या फुल्या मारल्या. आणि ही सगळी कार्डं जमा कुठे व्हावीत? तर ताकिएच्या सलूनमध्ये, कंगव्यांच्या बरणीशेजारी. गुरुवारपर्यंत एकेचाळीस झाली. येणारा जाणारा तिच्या खांद्यावर हात ठेवून जायचा. तिला ते हात चटके बसल्यासारखे लागत होते, पण झटकणार कशी?

गुरुवारी मोहेई आला. दर गुरुवारी येतो. जवळचं त्याला दिसत नाही, लांबचं स्वच्छ दिसतं, आणि चष्म्याचं नाव काढलं की भडकतो. म्हणून 'सात वाऱ्यांचे चाचे' ताकिएच त्याला वाचून दाखवते, चौकटीत काय काढलंय तेही सांगते. रीत ठरलेली. फेस लावायचा, अर्धी कथा वाचायची, एक गाल करायचा. मग उरलेली कथा, मग दुसरा गाल. पाच वर्षांत एक गुरुवार चुकला नाही.

आज मात्र तो खुर्चीत न बसता बाकावर बसला आणि एक कोरं कार्ड पुढे केलं.

"वहिनी, आधी हे लिही. माझ्या बोटांनी पेन धरवत नाही. फुसानो म्हणाली, त्या कार्ट्याने तुला फितूर केलंय."

त्याने वाचलेलं नव्हतं, नुसतं ऐकलं होतं. ताकिए म्हणाली, राहू दे मोहेई, गोष्टच आहे ती. तो ऐकेना. म्हणाला, लोक मला हसतील, पण या बेटावर फितुरी म्हणजे काय हे माझ्याइतकं कुणाला माहीत नाही, तेव्हा माझं कार्ड पाहिजेच. शेवटी ताकिएने पेन घेतलं. तो सांगत गेला, ती लिहीत गेली.

"लिही. मी मोहेई, वय अडुसष्ट. मला कुणीतरी पकडून दिलं, तेव्हापासून मी बेटावर कुणाकडे पाठ करून बसत नाही. एका न्हाविणीपुढे मात्र दर गुरुवारी मान वर करून डोळे मिटतो. ती फितूर नाही. चूक सुधारा."

शेवटचे शब्द लिहिताना पेन दोनदा थांबलं. मोहेई म्हणाला, काय झालं, मोठं झालं का? ती म्हणाली, नाही, मावलं. त्याने कार्ड ढिगावर ठेवलं, खुर्चीत येऊन बसला, मान मागे टाकली आणि म्हणाला, हां, आता वाच, बघू काय अकलेचे तारे तोडलेत.

तिने फेस लावला आणि पहिला अर्धा भाग वाचला. वादळ, लुटालूट, सुकाणूवाल्याचं रडगाणं. मोहेई फेसातून हसला. तिने उजवा गाल केला. वस्तरा पुसला आणि अंक पुन्हा हातात घेतला.

वाचत वाचत ती शेवटच्या तीन पानांवर आली. ती चौकट गाळणं काही अवघड नव्हतं. मोहेईला दिसत नव्हतं, आणि ओताकीने खुणेचा दिवा लावला, शीळ घातली, काहीही सांगता आलं असतं. सत्तावीस वर्षं जे केलं तेच अजून एकदा. पण समोर ते कार्ड होतं, तिच्याच अक्षरातलं. त्या अक्षरात तिने आयुष्यात एवढं मोठं खोटं कधी लिहिलं नव्हतं, आणि उद्या हा माणूस ते आपल्या तीन बोटांनी पेटीत टाकणार होता.

तिने घसा साफ केला आणि वाचलं. ओताकी दोरीपाशी येते. दोरीवर टॉवेल आहेत, सगळे पांढरे. त्यांच्यामध्ये ती एक रंगीत टॉवेल टाकते. खाली राजाचे लोक म्हणतात, खूण दिसली.

बाहेर धक्क्यावर कुणीतरी खोकी आपटत होतं. मग डोळे मिटलेलेच ठेवून मोहेई म्हणाला, "निळा."

कागदावर रंग नव्हता.

"त्या दिवशी मी वारा बघायला वर बघितलं होतं," तो सावकाश म्हणाला. "म्हटलं, वहिनीने आज निळा कुठून काढला."

ताकिएला किकुओचं नाव घ्यायचं होतं, साहेबाचं सांगायचं होतं, त्या चार दिवसांचं सांगायचं होतं. सगळं घशापर्यंत आलं आणि तिलाच त्याची लाज वाटली. ती एवढंच म्हणाली, "हो. मीच."

मोहेईने डोळे उघडले. तिच्याकडे बघितलंच नाही. आरशात स्वतःच्या चेहऱ्याकडे बघत राहिला, एक गाल गुळगुळीत, एक पांढरा. मग गळ्यातलं कापड सोडून त्याने नीट घडी घातली आणि खुर्चीच्या हातावर ठेवली. ढिगावरचं वरचं कार्ड उचललं, खिशात टाकलं. डाव्या गालावर फेस तसाच घेऊन तो दार उघडून बाहेर पडला आणि भर सकाळी, सगळ्या दुकानांसमोरून चालत चढ उतरून गेला.

दोन मिनिटांत फुसानो धावत आली. हातात आणखी चार कार्डं. अगं, मोहेई असा अर्ध्या दाढीचा का चाललाय, मी हाक मारली तर बघितलंही नाही, त्याला काय झालं, तू रडतेस का?

ताकिएने एकेचाळीस कार्डं उचलून तिच्या हातात ठेवली.

"परत दे ज्याची त्याला," ती म्हणाली. "वातारुने खरं लिहिलंय."

फुसानो आधी हसली, मग हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं. तिने कार्डांकडे बघितलं, ताकिएकडे बघितलं, आणि जन्मात पहिल्यांदा काही न बोलता गेली. त्या दिवशी दुसरं गिऱ्हाईक आलं नाही. संध्याकाळी तिकीट खिडकीवरचं ओताकीचं चित्र कुणीतरी काढलेलं होतं, चार कोपऱ्यांना चिकटपट्टीचे तुकडे तेवढे राहिले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताकिएने टॉवेल धुतले. वापरलेला एकच होता, तरी सगळे धुतले, आणि बांबूवर एकाला एक लावून वाळत घातले. वारा पश्चिमेचा होता. टॉवेल चांगले ताणून उडत होते, कुणालाही लांबून सहज कळावं असे.

खाली मोहेई आपल्या लहान होडीत ऑक्टोपस पकडायची मडकी रचत होता. डाव्या गालाची दाढी तशीच होती. मडकी रचून झाली, दोर सोडला, आणि निघायच्या आधी बोटवाले जिथे मान वर करतात तिथे तो थांबला. ताकिए बांबूला धरून उभी राहिली.

त्याने मान वर केली नाही. उजव्या हाताच्या उरलेल्या तीन बोटांतलं एक तोंडात घालून ओलं केलं, हवेत धरलं, वारा कुठून येतोय ते बघितलं, आणि होडी बाहेर काढली.