काळ्या चिपेची साक्ष

मित्रांनो, मी म्हातारी आहे, चावून चावून कुरतडलेली आहे, आणि एकदा तर कचऱ्यातही पडले आहे. तरी मी निकामी नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण माझ्याकडे बघून लोक पहिला विचार तोच करतात.

मी गाडीची किल्ली आहे. तुम्हाला दिसतं ते लोखंडी पातं आणि बटणांचं प्लास्टिकचं कव्हर. मी मात्र त्याच्या आत, डाळीच्या दाण्याएवढी एक काळी चिप होऊन बसलेली असते. बटणं दाराशी बोलतात, पातं कुलपाशी. इंजिनाशी बोलायचं काम माझं एकटीचं. गाडीच्या पोटात एक छोटी पेटी असते आणि तिच्या आठवणीत ओळखीच्या किल्ल्यांची नावं कोरलेली असतात. किल्ली फिरली की ती पेटी विचारते, "कोण गं?" मी नाव सांगते. नाव जुळलं तर इंजिन चालतं, नाही तर गाडी जागची हलत नाही. याला मला बॅटरीसुद्धा लागत नाही.

माझा जन्म जपानचा. गाडीबरोबर जहाजात बसून मोंबासाच्या बंदरात उतरले आणि तिथून धुळीच्या लांब रस्त्याने युगांडातल्या जिंजा गावाला आले. आमच्याकडे येणाऱ्या जुन्या गाड्यांबरोबर बहुतेक वेळा एकच किल्ली येते. मीही एकटीच होते. वाइस्वाने गाडी घेतली आणि पहिल्याच आठवड्यात तो मला घेऊन मांगेनीकडे गेला. मांगेनी बाजारामागच्या गल्लीत किल्ल्या करतो. त्याने आपलं यंत्र गाडीला जोडलं, आधी मला फिरवलं, मग एक कोरी किल्ली फिरवली, आणि गाडीच्या आठवणीत दुसरं नाव कोरलं गेलं. मला जुळी बहीण झाली.

"ही कुणाला?" मांगेनीने विचारलं.

"तेन्यवाला," वाइस्वा म्हणाला. "माझं जे आहे त्यात त्याची किल्ली नको?"

आमच्या बुसोगा मुलखात जुळ्यांतल्या थोरल्याला वाइस्वा म्हणतात, धाकट्याला तेन्यवा. एकाला कोंबडीची तंगडी वाढली तर दुसऱ्याला वाढल्याशिवाय ताट पुढे सरकत नाही. मग किल्लीचं काय मोठं! गाडीचं लॉगबुक, म्हणजे मालकीचा कागद, मात्र वाइस्वाने बायकोच्या, नाइगागाच्या नावावर केलं. गाडी चालवणार होती ती.

किती वर्षं राबले मी! सकाळी गल्लीतली सहा मुलं शाळेत, दुपारी अंड्यांचे ट्रे हॉटेलांत. नाइगागा मुलांना दोनदा मोजायची, दारं तीनदा बघायची, आणि मला मुठीत धरूनच झोपलेल्या लेकीला, मुतेसीला, उचलायची. दात येताना मुतेसीने मला चावून चावून बटणांची रबरं सोलून काढली. शेजारणी म्हणायच्या, "नाइगागाची किल्ली म्हणजे सोनं, एक दिवस दगा दिला नाही." मी फुगून जायचे.

मग वाइस्वा तापाने गेला. तीन दिवसांत गेला. अंगणात लोक बसले, स्वयंपाक झाले, लोक उठले. महिन्याने तेन्यवा आला. नाइगागा आमच्या रीतीप्रमाणे गुडघे टेकून दिराच्या पाया पडली. तो गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाला, "वहिनी, जुळ्याची वस्तू जुळ्याकडे जाते. रविवारी गाडी नेतो."

"भाऊजी, मुलांची शाळा आहे. आणि अंडी?"

"अंडी डोक्यावरूनही जातात." त्याने खिशातून माझी बहीण काढली. कोरी करकरीत, एक ओरखडा नाही. मग माझ्याकडे बघून हसला. "आणि ही काय हो वहिनी? उंदराने कुरतडली का?"

त्या दिवशी मी मनात दात खाल्ले. चालवली नाहीस कधी, म्हणून ती चकचकीत आहे रे!

पण तो म्हणाला ते अगदी खोटं नव्हतं. माझं कव्हर तडकलं होतं. शनिवारी सकाळी ते उघडलं, आतली चपटी गोल बॅटरी घरंगळली आणि मुतेसीने ती उचलली. नाइगागा चुलीपाशी होती. तिची पाठ होती, तरी तिला कसं कळलं कोण जाणे! झेप घेऊन तिने मुतेसीच्या ओठांवरून ती बॅटरी काढली. "गोळी होती," मुतेसी म्हणाली. नाइगागाने तिचं तोंड उघडून आत बोट फिरवून बघितलं. मित्रांनो, ती बॅटरी पोटात गेली तर आतून जाळते. हे तुमच्या घरात आजच सांगा.

नाइगागाने मला चिंधीत गुंडाळलं, शेजारणीकडे मुतेसीला दिलं आणि गाडी घेऊन थेट बाजार गाठला. मोबाइलची कव्हरं विकणाऱ्या एका दुकानदाराकडे किल्ल्यांचीही कव्हरं टांगलेली होती. त्याने पातं काढलं, बटणांची पट्टी काढली, दोन्ही नव्या कव्हरात बसवली, बॅटरी स्क्रूने घट्ट बंद केली. "घ्या ताई, नवी नवरी!" आणि जुनं कव्हर टिनाच्या डब्यात भिरकावलं.

त्या कव्हराच्या कोपऱ्यात मी चिकटलेली होते!

मी ओरडले, पण मला आवाज कुठला? डब्यातून मला फक्त ऐकू येत होतं. बटण दाबल्यावर गाडीची दारं टक् करून उघडली. मग इंजिन एकदा हुंकारलं आणि विझलं. पुन्हा विझलं. पुन्हा.

नाइगागाला वाटलं, तेन्यवाने मांगेनीला गाठून माझं नाव पुसून घेतलं. धावतच ती मांगेनीकडे गेली.

हे पुढचं मला नंतर मांगेनीच्या बडबडीतून कळलं. ती दारातच म्हणाली, "माझी किल्ली मारलीत का तुम्ही?"

"मी? काल तुमचा दीर आला होता, तुमची किल्ली पुसा म्हणून. मी म्हटलं, लॉगबुक दाखव. तेव्हापासून तोंड दाखवलं नाही." मग त्याने तिच्या हातातली नवी नवरी खुळखुळवून बघितली. "जुनं कव्हर कुठाय?"

"त्याने फेकलं."

"अरे देवा! बाई, डोकं तिथे टाकून धड घेऊन आलात!"

दोघं पळत आले. दुकानदार चिडला. "नवंकोरं दिलं तर जुनं मागतात, कमाल आहे!" मांगेनीने डबा उलटा केला. काचा, स्क्रू, कुणाकुणाची फुटकी कव्हरं. नाइगागाने दातांच्या खुणा शोधल्या. दोन दिसल्या, अर्धचंद्रासारख्या. "हीच," ती म्हणाली, आणि मला छातीशी धरलं.

मुतेसीचे दात नसते तर मी आज कुठल्या खड्ड्यात असते, सांगा!

मांगेनी गाडीपाशी आला. आधी लॉगबुक नीट वाचलं, मग यंत्र जोडलं. "आता ऐका. तुमची एक किल्ली जिवंत आहे म्हणून हे सोपं आहे. तीही हरवली असती तर गाडीची पेटी काढावी लागली असती. जुनं पातं परत जुन्या कव्हरात बसवतो, आणि या नव्या कव्हरात नवं पातं, नवी चिप घालून तिचं नाव कोरतो. आणि इथे समोर नाही ती किल्ली पुसून टाकतो. पुसू?"

ती दुसरी किल्ली वाइस्वाने भावाला स्वतःच्या हाताने दिलेली होती. मलाही कसंतरी झालं, बहीण होती ती माझी. नाइगागाने सहा मुलांची नावं पुटपुटली, शाळेच्या दारात मोजायची तशी. शेवटी सातवं नाव, मुतेसीचं.

"पुसा."

आधी मला फिरवलं. पेटीने विचारलं, कोण गं? मी इतक्या जोरात नाव सांगितलं की बास. मग नवीने सांगितलं. मग एक नाव कायमचं मिटलं.

रविवारी तेन्यवा नवा शर्ट घालून आला. त्याने पात्याने दार उघडलं, आत बसला, किल्ली फिरवली. इंजिन हुंकारलं, विझलं. समोर लाल दिवा लुकलुकू लागला. पाच वेळा त्याने फिरवली. शर्ट पाठीला चिकटला.

"वहिनी! काय केलंत हे?"

नाइगागा नेहमीसारखी गुडघे टेकून पाया पडली, आणि नेहमीपेक्षा सावकाश उठली. "गाडी माझ्या नावावर आहे भाऊजी. तुमच्या भावानेच केली. ती मुलांची आहे, मी देणार नाही."

"आणि मी कोण? मी त्याचा जुळा!"

"तुम्ही मुतेसीचे काका. कुठे जायचंय ते सांगा, मी सोडते. या गाडीत तुमची जागा कायम आहे. फक्त ती डावीकडची."

त्याने स्टेअरिंग सोडलं, किल्ली उपसून खिशात टाकली. मग उतरला, गाडीला वळसा घालून डावीकडे येऊन बसला. नाइगागाने मुद्दाम नव्या किल्लीऐवजी मलाच लावलं. चिंधी गुंडाळलेली, कुरतडलेली मला! पहिल्या फटक्यात इंजिन लागलं. मागून मुतेसी ओरडली, "काका, पट्टा लावा!" आणि तेन्यवाने पट्टा लावला.

आता मी मुतेसीचा हात पोचणार नाही अशा उंच खिळ्यावर असते. पोटातली बॅटरी नव्या किल्लीत गेली, मला ती लागतच नव्हती. दर रविवारी नाइगागा मला खाली काढते आणि एकदा मलाच लावून गाडी सुरू करून बघते.

म्हणून सांगते मित्रांनो, एक किल्ली चालते आहे तोवरच दुसरी करून घ्या. आणि जुनं कव्हर फेकण्याआधी ते उघडा, कोपरे तपासा, आत कोण बसलंय ते बघा. नाही बघितलंत तरी मी रडणार नाही. पण मग गाडीपाशी उभे राहून मला हाका मारू नका.