बारा टोले आणि पाच लिटर

मित्रांनो, आधी किओको गुरुजींचा फायदा मांडते, माझी ओळख मागाहून. आठवीच्या सरकारी परीक्षेत शाळेची सरासरी पाचशेपैकी तीनशेवर गेली, की आमच्या या हेडमास्तरांची बदली कितुई शहरातल्या मोठ्या शाळेत व्हायची होती. तिथं दारापर्यंत डांबरी रस्ता, घरात नळ आणि बायकोचे रविवारचे टोमणे बंद. एवढं सगळं एका आकड्याला टांगलेलं.

टांगलेलं असणं म्हणजे काय, ते मला विचारा. मी एक जुनी घंटा आहे. जन्मानं घंटा नव्हे, सिमेंटच्या ट्रकच्या चाकाची लोखंडी रिंग. उतारावर ट्रक उलटला, गावानं त्याचे तुकडे वाटून घेतले आणि मी शाळेच्या वाट्याला आले. फाटकाजवळच्या बाभळीला मला साखळीनं टांगलं. बोल्टानं ठोकलं की माझा आवाज दोन टेकड्या ओलांडून जातो. एकवीस वर्षांत मी एक मिनिट मागंपुढं झाले नाही. तपासणीला आलेले साहेब एकदा म्हणाले, "या शाळेत वेळेवर काम करणारं एवढंच एक दिसतंय." मी फुगले. लोखंड फुगत नाही म्हणतात, ते खोटं आहे.

शाळेचे नियम दोनच. आठ वाजता बारा टोले, बाराव्याला फाटक तासभर बंद. आणि प्रत्येक मुलानं घरून पाच लिटर पाणी आणायचं, कारण शाळेला ना नळ, ना विहीर. तीन लिटर मक्याच्या पेजेला, एक हात धुवायला, एक शिक्षकांच्या चहाला. पाणी नाही, तर आत नाही.

त्या जानेवारीत आठवीची सराव परीक्षा झाली. बेचाळीसपैकी अकरा जण दोनशेच्या खाली गेले. गुरुजींनी माझ्या बाभळीच्या सावलीत खुर्ची टाकून त्या अकरा नावांवर लाल रेघ ओढली. ही मुलं पुन्हा सातवीत बसणार. परीक्षेला नावंच पाठवायची नाहीत, म्हणजे सरासरी आपोआप चढते. पोतं चांगलं दिसावं म्हणून किडके दाणे वेचून टाकावेत, तसं.

गणिताच्या मुथेऊ बाई तिथंच उभ्या होत्या. "गुरुजी, यात कानिनी कशी?"

"एकशे त्र्याऐंशी गुण, बाई. आता तुम्हाला गणित मी शिकवायचं?"

"गणिताचा पेपर तिनं अर्धाच लिहिलाय. तासभर फाटकाबाहेर उभी होती ती."

"मग लवकर उठावं."

पेज ढवळणाऱ्या कावाता मावशी पळी न थांबवता म्हणाल्या, "पोरगी अंधारातच उठते हो. झिरा उठत नाही, त्याला काय करायचं?"

झिरा म्हणजे कोरड्या नदीच्या वाळूत खणलेला खड्डा. तळाशी पाणी हळूहळू पाझरतं, ते वाटीवाटीनं कॅनमध्ये भरायचं. आमच्याकडची रीत अशी, की झिरा ज्यांनी खणला त्यांचा नंबर पहिला आणि नदीपलीकडच्यांचा शेवटी. कानिनी पलीकडची. आधी घरचे वीस लिटर, मग शाळेचे पाच. तोवर माझे बारा टोले होऊन गेलेले असत. गंमत बघा, लाल रेघेखालची अकराच्या अकरा मुलं नदीपलीकडचीच होती. गुरुजींच्या वहीत मात्र त्यांच्यापुढं एकच शब्द होता, 'ढ'.

कानिनीच्या बापानं सांगून ठेवलं होतं, पुन्हा सातवी तर शाळा बंद. मग दूर मोंबासा शहरात जायचं, आत्याची पोरं सांभाळायला.

बाईंनी अकराही जणांची फेरपरीक्षा मागितली. गुरुजींनी घासाघीस करून एकीचीच दिली. "शुक्रवारी आठला गणित. बाराव्या टोल्याआधी फाटकात, पाण्यासकट. सत्तरच्या वर मिळवले तर नाव पाठवतो."

शुक्रवारी गुरुजींनी बोल्ट स्वतःच्या हातात घेतला. मनगटावरचं घड्याळ बघितलं आणि पहिला टोला दिला.

वाट रिकामी. दुसरा. रिकामीच. तिसऱ्याला वळणावर ती दिसली. कपाळावर पट्टा, पाठीवर कॅन, कंबरेत वाकलेली. चौथा, पाचवा. माणसं ओझं घेऊन पळतात तेव्हा पळत नाहीत, नुसती डुलतात. सहावा. मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदा मी मनात म्हटलं, माझी साखळी तुटू दे. साखळी कसली तुटते! सातव्याला ती थांबली. मला वाटलं, हरली. पण तिनं कपाळाचा पट्टा सोडला, कॅन वाटेच्या कडेला ठेवला आणि सुटली. आठवा, नववा, दहावा. अकराव्याला तिचा पाय फाटकाच्या आत होता.

गुरुजींनी बारावा पूर्ण केला. मग विचारलं, "पाणी?"

"वाटेवर ठेवलंय, गुरुजी. पेपर झाला की आणते."

"नियम काय आहे?"

पोरीला धाप लागली होती. मुथेऊ बाई पेपर घेऊन पुढं झाल्या. गुरुजींनी फाटकाबाहेर बोट दाखवलं आणि कानिनी वळलीसुद्धा.

तेवढ्यात कावाता मावशी पिवळा कॅन घेऊन आल्या आणि तो गुरुजींच्या पायाशी आदळला. "हे घ्या कानिनीचे पाच लिटर."

"हे तर चहाचं पाणी!"

"आणि ते कुणाच्या पाठीवरनं आलं? काल हिनंच ओतलंय की त्यात. आज चहा नका पिऊ, गुरुजी. डोकं दुखलं तर माझ्या नावानं बोंब मारा. पोरीला गणित करू द्या."

वऱ्हांड्यात एक मास्तर फिसकन हसले आणि लगेच खोकले. गुरुजींनी कॅनकडं पाहिलं, मग जमलेल्या तोंडांकडं, आणि बाजूला झाले.

कानिनीला अठ्ठ्याऐंशी मिळाले. तिचं नाव गेलं. नोव्हेंबरात तिला पाचशेपैकी तीनशे एकतीस पडले आणि शाळेची सरासरी झाली तीनशे चार. ही सरासरी वर चढवायला कानिनीही होती, हे गुरुजींनी सत्काराच्या भाषणात सांगितलं नाही.

पुढं शाळेत सौरऊर्जेवरची घंटा आली. मला बाभळीवरून काढलं. आता माझ्यावर मावशींचं पाण्याचं पिंप असतं. गंज चढतोय. मला घासूनपुसून ठेवा, असं मी म्हणणार नाही, मित्रांनो. माझी एकच विनंती आहे. उद्या तुमच्या वर्गात कुणी उशिरा आलं, तर हसण्याआधी ते कुठून आलं हे विचारा. मी एकवीस वर्षं वेळेवर वाजले आणि एकदाही विचारलं नाही.

आता शेवटची बेरीज. गुरुजींना नळ मिळाला. कानिनीला पुढची शाळा मिळाली. मावशींना आठ दिवस मास्तरांची फुगलेली तोंडं मिळाली. किंमत भरली ती उरलेल्या दहा जणांनी, प्रत्येकी निदान एक वर्ष. चौघं पुन्हा शाळेत आलीच नाहीत. सहा जण त्या शुक्रवारनंतरच्या सोमवारी सातवीच्या वर्गात येऊन बसले. येताना प्रत्येकानं पाच लिटर पाणी आणलं होतं. त्यातलं एक लिटर चहाला.